लवंगांवरचा उपवास

आमच्या हौसाआत्याचा नवरात्राचा उपवास शिनोलीत आणि आजूबाजूच्या दहा गावांत नावाजलेला होता, आणि त्या उपवासाला रोज भाकरी पुरवायचं काम माझ्याकडे होतं. हे मी आज पन्नाशी ओलांडल्यावर लिहिते आहे, कारण ज्यांची अब्रू जाईल अशी माणसं आता राहिली नाहीत, आणि जी राहिली आहेत त्यांची आधीच गेली आहे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आण्णांची, थोरली बहीण. लग्न होऊन सासरी गेली आणि सहा महिन्यांत ट्रंक घेऊन परत आली. कारण विचारलं तर म्हणायची, "त्या घरात कालवणाला चवच नव्हती." खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि दुसऱ्यांदा विचारायची हिंमत असलेला माणूस आमच्या घरात जन्माला आला नाही. तेव्हापासून घर तिचं. आण्णा शेत बघायचे, आई चूल बघायची आणि आत्या त्या दोघांकडे बघायची.

घट बसले की आमचं घर बदलून जायचं. एरवी सकाळी आईच्या भाकरी थापण्याचा आणि रस्त्यावर गिअर बदलणाऱ्या एसटीचा, एवढेच काय ते आवाज. नवरात्रात मात्र देवळावरचा कर्णा पहाटेपासून कोकलायचा आणि ओट्यावर बायकांच्या बांगड्या वाजायच्या. आत्या देवघरात घटासमोर घोंगडी टाकून बसे. नंदादीप विझू द्यायचा नाही, पायात चप्पल नाही, पोटात अन्न नाही. पहिल्या माळेला एक लवंग, दुसऱ्या माळेला दोन, अशी नवव्या माळेला नऊ, आणि वर तांब्याभर पाणी. बायका तिच्या पाया पडायला यायच्या. शेजारची पारूकाकू तर तिचे पाय धुऊन ते पाणी डोळ्यांना लावायची. आत्या डोळे अर्धे मिटून, आवाज बारीक करून म्हणायची, "तिची विच्छा. आमी काय, निमित्त." एवढा बारीक आवाज तिला कुठून सापडायचा देव जाणे, उरलेलं वर्षभर ती ओट्यावरून हाक मारायची तेव्हा नदीपलीकडचे बैल थांबायचे.

आता त्या उपवासाची मागची बाजू सांगते. मी आधी गावच्या शाळेत आणि पुढे मंचरला कॉलेजला जायची. नवरात्र जवळ आलं की आत्या आईला म्हणायची, "पोर लई वाळली. डब्यात दोन भाकरी जास्ती घाल." आई चार भाकरी बांधायची आणि "एवढं खाऊन जातं कुठं हिचं?" असं पुटपुटायची. मी दोन खायची, दोन परत आणायची. संध्याकाळी आरतीच्या आधी आत्या "गायीला चारा घालते" म्हणून गोठ्यात जायची आणि मी मागोमाग. तिथं वैरणीच्या आडोशाला बसून ती बाजरीची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी अशी चाटूनपुसून खायची की गाय तिच्याकडे टक लावून बघायची. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात तसलाच प्रकार, पण आत्याच्या लेखी त्यात पाप नव्हतं. ती म्हणायची, "देवीला म्हाईत हाय. तिच्यापासनं काय लपतंय? लपवायचं ते पारूपासनं." पहिल्याच वर्षी तिनं मला माझ्या गळ्याला चिमटा घेऊन तिची शपथ घ्यायला लावली होती. कुणाला बोललीस तर मी मरेन, अशी ती शपथ. आमच्याकडे ती मोडायची सोय नाही. ज्याची शपथ असेल त्यानं स्वतःच्या तोंडानं "सुटली" म्हटलं तरच ती सुटते, नाहीतर माणूस मेलाच. मी बारावी सायन्सला होते, बेडूक फाडून बघितला होता, तरी त्या शपथेपुढे माझं सगळं सायन्स पाणी भरायचं.

त्यात आदल्या वर्षी आणखी एक भानगड झाली. तिच्या पायाची जखम भरेना म्हणून मी तिला मंचरला दाखवायला नेलं, तर डॉक्टर म्हणाले शुगर आहे. आत्याला धक्का बसला तो आजाराचा नव्हे, लोकांचा. "लवंगा खाणाऱ्या बाईला साखरेचा रोग कसा झाला, इचारतील ना!" शिवाय गावातल्या प्रत्येक लग्नात बुंदीचा पहिला घास चाखून "साखर बरोबर हाय" असं सांगायचा मान तिचा होता, तोही जाणार. म्हणून हीसुद्धा गोष्ट त्याच शपथेत घातली. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी एक दिवस चुकवायची नाही. आत्यानं त्या बारक्या पांढऱ्या गोळ्या पाकिटातून सोडवून लवंगांच्या पितळी डबीत टाकल्या आणि डबी कमरेला खोचली. सकाळी बायकांदेखत ती लवंग तोंडात टाकायची, तिच्याबरोबर गोळीही जायची. बघणाऱ्यांना दिसायची फक्त भक्ती.

त्या वर्षी सहाव्या माळेला आमचं भांडण झालं. कळंबचं एक स्थळ आलं होतं. मुलाचा ट्रॅक्टर होता, आणि त्याच्या आईला शिकलेली सून नको होती. आत्यानं मला न विचारता सुपारी फोडायचं ठरवून टाकलं. मला नर्सिंगला जायचं होतं, फॉर्म आणून दप्तरात ठेवला होता. गोठ्यात भाकरी तिच्या हातात देता देता मी विषय काढला. ती तोंडातला घास न गिळता म्हणाली, "दुसऱ्यांचे मुतपात काढायला शिकतीस? त्यापरीस नवऱ्याचं घर झाड." मी तिच्या पुढ्यातला डबा ओढून घेतला, झाकण लावलं आणि निघून आले. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या कट्ट्यावर बसून चारही भाकऱ्या खाल्ल्या. पोट फुटायला आलं, पण खाल्ल्या. संध्याकाळी ती गोठ्यात जाऊन आली. मी गेले नाही. तिनंही मागितलं नाही. मागणार कसं? घरभर बायका, चुलीपुढे आई, ओट्यावर पारूकाकू. आणि माझ्याकडे मान वाकवायची म्हणजे तर तिला मरणच. सात लवंगा खाऊन ती झोपली. अकरा वर्षांत पहिल्यांदा आमच्या आत्यानं खरा उपवास केला, आणि तो मी करायला लावला होता.

आठव्या माळेला सकाळी मी दप्तर अडकवून निघणार, एवढ्यात देवघरातून तांब्या पडल्याचा आवाज आला. आत्या घटावर माळ चढवत होती ती तशीच बसली होती. उजवा हात खाली लोंबत होता, तोंड एका बाजूला ओघळलं होतं, अंगाला दरदरून घाम, आणि ती काहीतरी बडबडत होती ज्यात एक शब्द धड नव्हता. आई ओरडली. ओट्यावरच्या बायका आत घुसल्या आणि पारूकाकूनं दोन्ही हात जोडून जाहीर केलं, "आली! देवी आली अंगात!" झालं. कुणी मळवट भरला, कुणी खण पुढे केला. एकीनं तर प्रश्नही विचारून टाकला, "माय, सुनेला औंदा तरी पोरगं व्हईल का?" आत्याच्या घशातून "घ्र्र" असा आवाज आला. "व्हईल म्हनली!" ती बाई आनंदानं रडायला लागली. पुढच्या वर्षी तिच्या सुनेला जुळ्या मुली झाल्या. पण त्या सकाळी आत्याचे डोळे देवीचे नव्हते. ते घाबरलेल्या बाईचे होते, आणि ते मला शोधत होते.

आण्णा शेतातून धावत आले. त्यांनी बहिणीचा हात उचलून सोडला, तो धप्पकन पडला. "देवी नाय," ते म्हणाले, "अंगावरनं वारं गेलंय." मग उपायांचा बाजार भरला. कुणी म्हणे जायफळ तोंडात धरा. कुणी म्हणे आहुपेच्या बाजूला एक म्हातारा मुळी देतो, अर्धांग झालेला बैलसुद्धा त्यानं उठवलाय. पारूकाकूचं मत पडलं की कुणीतरी विटाळाचं देवघरात आलं असणार, आणि तिनं आमच्याकडे एकेकीकडे बघायला सुरुवात केली. आण्णा आयुष्यात दोनदाच ओरडले, त्यातलं हे एकदा. "गप बसा समद्या! बबन, टेम्पो काढ!" गावातल्या बबनभाऊचा टेम्पो दसऱ्याचा झेंडू भरून रस्त्यावर उभाच होता. उतरवायला वेळ नव्हता. आम्ही आत्याला त्या झेंडूच्या ढिगावरच आडवं केलं. आण्णा पुढे बसले, मागे मी आणि पारूकाकू. काकूला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिला न्यायचं नाही असं म्हणायला कुणाला वेळही नव्हता.

कपाळाला मळवट, अंगावर हिरवं लुगडं, खाली-वर पिवळी-केशरी फुलं. रस्त्यानं जो बघेल तो हात जोडायचा. घोडेगावच्या अलीकडे मेंढरं आडवी आली. बबनभाऊ हॉर्न वाजवून थकला. एक धनगर बाबा टेम्पोजवळ आला, आत बघून त्यानं डोक्याचा फेटा काढला आणि हळू आवाजात विचारलं, "कवा गेल्या?" आत्या घशातून जोरात घुरघुरली. बाबा दोन पावलं मागे उडाला आणि मेंढरं अशी झटक्यात बाजूला झाली की विचारता सोय नाही. आज मी हे सांगते तेव्हा ऐकणारे पोट धरून हसतात. मीही हसते. पण तेव्हा मी तिच्या कानाशी वाकून, पारूकाकूला ऐकू जाऊ नये म्हणून ओठातल्या ओठात म्हणत होते, "आत्या, सुटली म्हण. एकदाच म्हण. मी डॉक्टरला सांगते, तू फक्त सुटली म्हण." तिची जीभ तोंडात नुसती लोळत होती. गोळी आणि रिकामं पोट यांचं काय नातं असतं हे मला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की अकरा वर्षांत जे घडलं नव्हतं ते दोन दिवसांत घडलं, आणि या दोन दिवसांत वेगळं एवढंच झालं होतं की तिची भाकरी मी खाल्ली होती. सांगावं तर शपथ मोडून ती मरणार, न सांगावं तरी मरणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती दोन्ही मी त्या टेम्पोत बघितली.

घोडेगावचा डॉक्टर तरुण होता. त्यानं डोळ्यात उजेड टाकला, तळव्याला काडी घासली आणि विचारलं, "बीपी, शुगर, काही त्रास?"

"छ्या," आण्णा म्हणाले. "कधी ताप बी नाय."

"खाल्लंय काय?"

"आठ दिसांत? लवंगा."

"लवंगा?" डॉक्टरनं वर बघितलं. "मग साखर उतरली असणार."

"नाय वो डॉक्टर," आण्णांचा ऊर त्याही वेळी थोडा फुगला. "अकरा वर्सं करतीय. नऊ दिस नुसत्या लवंगा. तिला काय बी व्हत नाय."

"म्या सोता पाय धुतेत," पारूकाकूनं साक्ष काढली.

डॉक्टर घुटमळला. अकरा वर्षं जिला काही झालं नाही तिला आजच काय होणार, हे त्याच्या तोंडावर मला स्पष्ट वाचता येत होतं. तो कागद ओढून म्हणाला, "अर्धांगाचा झटका वाटतोय. वेळ घालवू नका, सरळ पुण्याला न्या." पुणं म्हणजे त्या टेम्पोनं तीन तास. आण्णा भिंतीला धरून खाली बसले. नंतर एवढं म्हणाले, "ही गेली तर मला इचारनारं कोण ऱ्हायलं?" आण्णांना मी तोपर्यंत कधी कुणाचा धाकटा भाऊ म्हणून बघितलं नव्हतं.

मी पुढे झाले, आत्याच्या कमरेची डबी उपसली आणि डॉक्टरच्या टेबलावर उपडी केली. लवंगा घरंगळल्या आणि त्यांच्यात चार पांढऱ्या गोळ्या. "ती शुगरची गोळी घेते," मी म्हणाले. "आणि उपवास कधीच करत नव्हती. मी रोज भाकरी द्यायची. या वर्षी मी दोन दिवस दिली नाही. म्हणजे उपवास या वर्षीच झालाय." आणि मग मी गळा धरून मोठ्यानं रडायला लागले, कारण आता शपथेप्रमाणे ती मरणार होती.

पारूकाकूचं तोंड उघडं राहिलं होतं. तिचे डोळे एकदा गोळ्यांकडे, एकदा स्वतःच्या हातांकडे जात होते, ज्या हातांनी तिनं अकरा वर्षं ते पाणी डोळ्यांना लावलं होतं. डॉक्टर मात्र उडालाच. "आधी का नाही सांगितलंत!" म्हणत त्यानं साखरेच्या पाण्याचं मोठं इंजेक्शन भरलं आणि आत्याच्या शिरेत सोडलं. मी डोळे मिटून घेतले. पुष्कळ वेळ गेला असं वाटलं, पण सुई काढून होते न होते तोच ओळखीचा आवाज आला, "माझ्या कपाळाला हे कुनी फासलं रं?" मी बघितलं तर आत्या उठून बसत होती, उजव्या हातानं मळवट पुसत. तोच हात. आण्णा रडत रडत हसले. बबनभाऊ दारातून ओरडला, "आत्या, माझा झेंडू चिरडला तू!" "मंग तुझ्या डोक्यावर बसू व्हय!" आत्या म्हणाली. एवढ्यात तिला टेबलावरची डबी दिसली, पारूकाकूचं तोंड दिसलं, आणि मी दिसले.

डॉक्टरनं बिस्किटाचा पुडा पुढे केला. आत्यानं तोंड फिरवलं. "आठवी माळ हाय." "अहो, आत्ता मरत होता तुम्ही!" डॉक्टर म्हणाला. आत्यानं नजरेनं पारूकाकूकडे खुणावलं. डॉक्टर शहाणा निघाला. त्यानं मधला पडदा ओढला आणि म्हणाला, "पेशंटजवळ एकानेच थांबायचं." माझं दप्तर खांद्याला तसंच होतं, त्यात आईनं सकाळी बांधलेला डबा. चार भाकऱ्या, ठेचा, चटणी. आत्यानं पडद्यामागे चारही खाल्ल्या. शेवटचा घास गिळून तिनं माझ्याकडे बघितलं आणि पडद्याबाहेर जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "शपथ मोडलीस." मी म्हणाले, "मग आता तरी सुटली म्हण." ती म्हणाली, "नाय म्हणत. माझं मरण आता तुझ्या माथी. सांभाळ जन्मभर."

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती पारूकाकूपुढे उघडलेली, त्यामुळे दसऱ्याच्या सोन्याबरोबरच ही बातमी घरोघर वाटली गेली. महिनाभर कुणी आत्याच्या पाया पडायला आलं नाही. पण दिवाळीनंतर एकेक बाई गोठ्याच्या बाजूनं यायला लागली. कुणी लपवलेली गोळी दाखवायला, कुणी नुसतं सांगायला की तीसुद्धा गेली सात वर्षं चुलीमागे बसून खाते आहे. आत्या एकेकीला वैरणीवर बसवून खडसवायची, "गोळी घ्यायची तर खायाचं. खायाचं नसंल तर डॉक्टरला इचार. देवी काय सुई टोचायला येत नाय." शेवटी एकदा पारूकाकूही आली. ती काय म्हणाली ते आत्यानं मला कधी सांगितलं नाही. म्हणाली, "शपथ घेतलीय. मी तुझ्यासारखी नाय."

आणि कळंबच्या स्थळाला आत्यानंच नकार कळवला. कारण असं दिलं की तिचं मरण माझ्या माथ्यावर असल्यामुळे मला शिनोलीपासून लांब देता येत नाही, आणि माझ्या हातून काही चुकायला नको असेल तर मी सुई नीट टोचायला शिकलेलीच बरी. सुपारी फोडायच्या दिवशी तिनं नर्सिंगच्या फॉर्मवर आण्णांची सही घेतली. तिनं माझं ऐकलं असं मात्र तिनं कधी कबूल केलं नाही. पुढची दहा वर्षं ती शपथ माझ्यावर कोयत्यासारखी टांगलेली. पाय चेपायला कंटाळा केला की, "हां, शपथ मोडणारीच तू." सुट्टीत यायला उशीर झाला की, "मी मेले का नाय ते बघायला आलीस?" मी हात जोडून म्हणायची, आता तरी सुटली म्हण. ती दात काढून हसायची. माझ्या लग्नात मंगलाष्टकं संपता संपता मी तिच्याकडे बघितलं, तर तिनं मान हलवली. नाही म्हणजे नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, मी मंचरच्या एका दवाखान्यात नोकरीला असताना, घरून फोन आला. पुन्हा तसंच. हात लोंबतोय, तोंड वाकडं. मी रस्त्यानं पूर्ण वेळ मनात म्हणत होते, साखरच असेल, भाकरी चुकली असेल, आईनं नीट बघितलं नसेल. घरात शिरल्या शिरल्या तिच्या बोटाला सुई टोचून मशीन लावलं. एखाद्या आकड्याची मी एवढी वाट आयुष्यात बघितली नाही. साखर उतरलेली नव्हती. चांगली चढलेली होती. म्हणजे या वेळी खरंच वारं गेलं होतं. पुण्याला नेलं, तीन आठवडे ठेवलं, आणि परत आणून ओट्यावर खाट टाकली.

एका दुपारी मी तिची उशी सरकवत होते. आई होती, पारूकाकू होती, शेजारच्या दोघी सुना होत्या. आत्यानं डाव्या हातानं माझा गळा चाचपला, चिमट्यात धरला आणि वाकड्या तोंडानं, एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "सु… ट… ली."

बाकी कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. दहा-बारा वर्षं जे तिनं हट्टानं धरून ठेवलं होतं ते सोडून दिलं, म्हणजे आता ती जाणार होती, आणि ते माझ्या माथ्यावर ठेवून जायचं नव्हतं तिला. मी तिला म्हणाले, "आत्या, नको, राहू दे की." तिनं डोळे मिटून नाही म्हटलं आणि मग नजर स्वयंपाकघराकडे वळवून, बुंदी चाखताना फिरवायची तशी जीभ ओठांवरून फिरवली.

मी नर्स होते. तिची साखर किती होती हे मला तोंडपाठ होतं. मी आत गेले, साखरेचा डबा आणला आणि गोठ्यात नाही, पडद्यामागे नाही, भर ओट्यावर पारूकाकूसमोर चिमूटभर साखर तिच्या जिभेवर ठेवली. आत्यानं ती सगळ्यांदेखत सावकाश चघळली, आणि आणखी मागितली.